कार्डाची मागची बाजू

आबा,

काल पुण्याहून नात आली. कुठल्याशा कंपनीत आहे ती, लाखो माणसांची माहिती संगणकात साठवायची आणि सांभाळायची, असं काहीतरी तिचं काम. आली तीच वैतागलेली. मी तिला पोळ्या करून वाढत होते (अजून मीच करते, सुनेला तव्याजवळ येऊ देत नाही), तर जेवता जेवता म्हणाली, "आजी, माहिती नुसती फुगत चाललीये गं. जागा पुरत नाही. एकेका माणसाच्या चार-चार नोंदी. आता ठरवलंय, दुहेरी दिसतील तेवढ्या सगळ्या उडवायच्या. दोन मिनिटांचं काम आहे." माझा हात तिथेच थांबला आणि तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, "उडवायच्या आधी मागची बाजू बघत जा." ती हसायला लागली. म्हणाली, "आजी, याला मागची बाजू नसते." मीही हसले. मग ती झोपली आणि मी कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. ऑफिसच्या नोंदी सोडून आपल्याला काही लिहिता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि ते सोयीचंही होतं.

हिवतापाच्या त्या ऑफिसात मी आले तेव्हा वीस वर्षांची होते. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याचा, आपलं ऑफिस तालुक्याचं. तापीकाठच्या गुजर घरातली मी पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, गणितात वर्गात पहिली आलेली, आणि हे मी भेटेल त्याला सांगायची. वडिलांनी नोकरीला परवानगी दिली ती एका अटीवर, की ऑफिसातला मोठा माणूस एकदा घरी येऊन गेला पाहिजे. तुम्ही आलात, ओसरीवर बसून केळीच्या बागेबद्दल तासभर बोललात, नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, आणि निघताना वडील मला म्हणाले, "सोमवारपासून जा." तुम्ही ऑफिसात हेडक्लार्क होतात, पण माझ्या घरी तुम्हाला साहेबच समजायचे.

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बठ पोरी. आठे खुर्ची एकच शे, ती तुन्ही. मी पेटीवर बठस." त्या पेटीत कार्डं होती. फवारणीची माणसं घराघरांवर नंबर घालत, मग दर पंधरा दिवसांनी आपला एक फिरता माणूस प्रत्येक दारात जाऊन ताप आलाय का विचारी, आला असेल तर बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेई, गोळ्या देई. काचपट्ट्या आपल्याकडे येत, तपासल्या जात, आणि ज्याच्या रक्तात जंतू निघतील त्याच्याकडे पुढचं औषध घेऊन पुन्हा माणूस जाई. सरकारी फॉर्मात हे सगळं गावनिहाय आकड्यांत लिहायचं असायचं. तेवढं केलं तरी चाललं असतं. पण तुम्ही एकेका माणसाचं वेगळं कार्ड केलं होतं. एका बाजूने कोरे राहिलेले जुने फॉर्म एकाला एक चिकटवून, पोस्टकार्डाएवढे कापून. पुढच्या बाजूला गाव, पाडा, घर नंबर, घरप्रमुख, नाव, अंदाजे वय आणि तापाच्या तारखा. मी विचारलं, "हे वरून आलेल्या हुकमात आहे का?" तुम्ही म्हणालात, "हुकूमले ताप येत नही." आणि माझ्या बोलण्याची नक्कल करत, "तुन्ही मराठी ते पुस्तकनी शे," असं म्हणून हसलात.

तुमचे नियम दोनच होते. एक, खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर तांबडी रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. दुसरा नियम मयतांचा. कोणी गेल्याचं कळलं की आम्ही कार्ड काढून वेगळं ठेवायला बघायचो, तर तुम्ही अडवायचा. "मयत लिखानं व्हई ते पहिले त्यान्हा दारमा जाईसन उभं ऱ्हावानं. ऐकेलवरथीन लिखानं नही. नही ते जित्ता मानूस आपला कागदवर मरी जास, आन मंग त्याले गोयी बी कोनी देत नही." मला हे अति वाटायचं. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरची म्हातारी गेली की नाही हे बघायला माणसाने दोन दिवस चालायचं? पण चालायची माणसं, आणि एकदा त्या म्हातारीनेच दार उघडलं, तेव्हापासून मी गप्प झाले.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझंही कार्ड केलंत. ऑफिसातल्या सगळ्यांची होती, तुमचं स्वतःचंसुद्धा. ताप कारकुनाला ओळखत नाही, असं म्हणालात. सोमवारी सकाळी तुम्ही खांडबाऱ्याहून यायचा, रविवार घरी काढून, आणि पिशवीतून काकूंनी थापून वाळवून दिलेले ज्वारीचे बिबडे काढायचा. ते भाजायला आम्ही काचपट्ट्यांच्या खोलीतली स्पिरिटची बत्ती वापरायचो, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही. काकूंना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या हातचं मीठ मला पाठ होतं, आणि आठवडाभर तुम्ही एकटे त्या भाड्याच्या खोलीत कळण्याची भाकरी थापायचा, हेही माहीत होतं. नंदुरबारला बदली झाली तर रेल्वेने रोज घरी जाता येईल, एवढी एकच गोष्ट तुम्ही नोकरीकडून मागत होतात.

कार्डं वाढत गेली, आबा. एका पेटीच्या पाच झाल्या, मग गोडेतेलाचे डबे कापून त्यांत ठेवली, मग ते डबे खिडकीवर चढले. एक कार्ड शोधायला अर्धा दिवस जाऊ लागला. एकाच पाड्यावर त्याच नावाची माणसं निघायची, कारण डोंगरात वारावरून नाव ठेवायची पद्धत. सोमवारचा सोम्या, बुधवारची बुधी. वय विचारलं तर हसायचे. फिरता माणूस नवा आला की जुनं कार्ड न बघता नवं करायचा. काचपट्ट्यांचं तर विचारूच नका. महिनामहिना तपासायच्या राहायच्या, आणि निकाल येईपर्यंत तापकरी एकतर बरा झालेला असायचा, नाहीतर शेत बदलून दुसरीकडे गेलेला. आजची माझी नात जे म्हणते ते सगळं मी तेव्हा म्हणत होते. फक्त मी ते तुम्हाला न म्हणता स्वतःशी म्हणत होते, आणि स्वतःला तुमच्यापेक्षा हुशार समजत होते.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. तुमच्या मुलीचं लग्न निघालं आणि तुम्ही पंधरा दिवसांच्या रजेवर गेलात. आणि धुळ्याहून निरोप आला, की साहेब तपासणीला येणार आहेत, हा कागदांचा पसारा एका कपाटात बसला पाहिजे. मला गुदगुल्या झाल्या, खरंच सांगते. मी सगळ्या पेट्या जमिनीवर ओतल्या आणि ओळीने लावत गेले. गाव तेच, पाडा तोच, घर नंबर तोच, घरप्रमुख तोच, नाव तेच असं दिसलं, की ती एकाच माणसाची दोन कार्डं. वयात पाच-सात वर्षांचा फरक दिसला तर मी म्हणायची, अंदाज चुकला असेल. दोन्हींवरच्या तारखा एका कार्डावर उतरवायच्या आणि दुसरं बाजूला टाकायचं. पाच दिवसांत सगळं एका कपाटात बसलं. बाजूला पडलेल्या कार्डांचा ढीग मी शिपायाला सांगून मागच्या अंगणातल्या बंबात घालायला लावला. साहेब आले, कपाट उघडून पाहिलं, म्हणाले, "बाई, छान." त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होते.

लग्न आटोपून तुम्ही आलात, लाडू आणलेत. पेट्या कुठे म्हणून विचारलंत. मी अभिमानाने कपाट उघडलं. तुम्ही बराच वेळ कार्डं चाळत होता. मग एक उलटं करून म्हणालात, "मांगे लिखेल वाचं का तू?" मी म्हटलं, मागे काय लिहिलंय? मागच्या बाजूला तर जुन्या फॉर्मांचीच खरडाखरड होती, छापील रकाने, कोणाच्या तरी सह्या. तुम्ही बोट ठेवलंत. त्या खरडाखरडीच्या मधूनच बारीक शिसपेन्सिलीने एकेक ओळ होती. ओढ्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली. टेकडीवर, दार पूर्वेला. प्रत्येक कार्डाच्या मागे त्या घराची वाट लिहिलेली. ते मी पाहिलं होतं. रद्दी समजून सोडून दिलं होतं.

तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तेवढंच विचारलंत, "नाव एक शे म्हनीसन मानूस एक ऱ्हास का?" आणि टेबलावर पडलेले निकाल एकेक करून कार्डांशी ताडून बघायला बसलात. दुपारपर्यंत एक सापडला. तोरणमाळच्या घाटाखालचा पाडा, घर नंबर चौदा, नाव बुधी, रक्तात जंतू, तेही वाईट जातीचे. कार्डावर नोंद होती की पुढचं औषध देऊन झालं. पण काचपट्टीसोबत आलेल्या चिठ्ठीवर आधीच्या फिरत्या माणसाने कोपऱ्यात लिहिलं होतं, पोटुशी. आणि कार्डावरची बुधी तीस वर्षांची, चार लेकरांची आई, जिला औषध दिलं तेव्हा ती तुरीच्या शेतात काम करत होती. "हाई ती नही," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, नंबर तर चौदाच आहे. तुम्ही उठलात. पायांत चपला घातल्या. "आते चाल. दार देखीसन येऊत."

घाटाच्या पायथ्यापर्यंत जीपने आणि तिथून पायी. सोबत आपला फिरता माणूस होता, त्याच डोंगरातला, पावरा समाजाचा. वरच्या पाड्यावर चौदा नंबरच्या दारात बुधी उभी होती, धडधाकट. तिने गोळ्यांचा कागदसुद्धा जपून ठेवला होता, तो आणून दाखवला. मग तिने खाली ओढ्याकडे हात केला. खाली, अर्ध्या कोसावर, मोहाच्या झाडाखाली एक नवं घर होतं, आणि त्याच्या दारावरही चौदा. तिथे मला कळलं. डोंगरात भाऊ वेगळे झाले की घराची लाकडं वाटून घेतात. खांब, वासे, सगळं. एका भावाच्या वाट्याला दार आलं होतं, ते तो नंबरासकट उचलून खाली घेऊन गेला. मागे राहिलेल्या भावाने नवं दार केलं, त्यावर नंबर नव्हता, म्हणून फवारणीवाल्यांनी रजिस्टर बघून पुन्हा चौदा घातला. घरप्रमुख म्हणून दोन्हीकडे त्यांच्या मेलेल्या बापाचं नाव. आणि दोन्ही भावांच्या बायका बुधवारी जन्मलेल्या. माझ्या कपाटात त्या दोघींची मी एक बाई केली होती.

खालची बुधी आत कुडाच्या भिंतीला टेकून पडली होती. डोळे उघडे, पण आम्ही आलो हे तिला कळत नव्हतं. तिचा नवरा उठून बाजूला सरला. फिरता माणूस तिच्याजवळ बसला, कपाळाला हात लावला आणि मला म्हणाला, "बाई, ती वरची. ही खालची. मी नवा होतो, कागद वरचा होता." तो माफी मागत होता, आणि चूक त्याची नव्हतीच. तुम्ही झोळी करायला सांगितलीत. तिघांनी उचलली, चौथ्याच्या जागी तुम्ही खांदा दिलात, पन्नाशी उलटलेली असताना. खाली जीपपर्यंत मी झोळीच्या मागे चालत होते आणि तिचा हात बाहेर लोंबत होता तो आत ठेवत होते. तो पुन्हा बाहेर यायचा. बुधी वाचली. पोटातलं मूल नाही वाचलं. सातवा महिना होता. त्याचं कार्ड कधी झालंच नाही, म्हणून ते आपल्या कुठल्या आकड्यातही आलं नाही.

झाल्या प्रकाराचा अहवाल वर पाठवावा लागला. मी म्हटलं, आबा, माझं नाव लिहा. तुम्ही टाक दौतीत बुडवला होता, तो तसाच धरून म्हणालात, "तुन्ही नोकरीले दोन वरीस बी नही व्हयनात. मन्ही नोकरी सरी उनी शे. मी लिखस." आणि लिहिलंत, कार्डांची छाननी माझ्या सूचनेवरून झाली. खाली सही. मी समोर उभी होते. मला बोलता आलं असतं. नंदुरबारची बदली त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षीही दुसऱ्याला. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं तुम्ही त्या खोलीत भाकरी थापल्या. काकू दर सोमवारचे बिबडे पाठवत राहिल्या, आणि मी ते खात राहिले.

मला त्या चार वर्षांबद्दलच तुमचे आभार मानायचे आहेत, आबा. कारण त्या हिवाळ्यात तुम्ही मला शिक्षा म्हणून नव्हे तर काम म्हणून डोंगरात नेलंत. जळालेलं प्रत्येक कार्ड आपण पुन्हा केलं, दारादारांत जाऊन. तुम्ही माणसाला आधी त्याच्या बैलाबद्दल विचारायचा, नाव शेवटी. मी शिकले की घर विचारलं की लोक हसतात आणि वाट विचारली की स्वतः उठून चालायला लागतात. दुपारी एखाद्या पाड्यावर मक्याची भाकरी मिळायची, ती खाताना तुम्ही कार्ड उलटं करून मागे वाट लिहायचा आणि मला वाचून दाखवायला सांगायचा. "तुले समजनं ते कोनलेबी समजी," म्हणायचा. मला राग यायचा आणि हसूही यायचं. शेवटचं कार्ड झालं त्या दिवशी तुम्ही खिशातली तुमची लाल-निळी पेन्सिल मला दिलीत, झिजून करंगळीएवढी झालेली. लाल टोक रेघा मारायला. मला वाटलं होतं तुम्ही मला ती कधीच देणार नाही.

पुढे मी त्याच खात्यात पस्तीस वर्षं काढली. साहेब म्हणून निवृत्त झाले. नव्वदच्या सुमारास ऑफिसात संगणक आला, तो बसवायला आलेला मुलगा विचारायला लागला, बाई, कोणकोणते रकाने हवेत? मी म्हटलं, शेवटी एक मोठा रकाना मोकळा सोड, घराकडे जायची वाट लिहायला. तो म्हणाला, यात काय येईल ते ठरलेलं नाही, असा रकाना ठेवत नाहीत. मी म्हटलं, ठेव. त्याने ठेवला. पुढे धुळ्याच्या एका सभेत मला शाल देऊन पाठ थोपटली, ही पद्धत बाईंनी आणली म्हणून. मी शाल घेतली. तुमचा उल्लेख केला नाही. घरी येऊन ती शाल कपाटात ठेवली, कधी पांघरली नाही, म्हणजे त्याने काही फिटतं अशातला भाग नाही.

जुनी कार्डं रद्दीत निघाली तेव्हा मी दोन काढून घेतली, माझं आणि तुमचं. तुमचं आत्ता समोर आहे. पुढे तुमचं नाव, खोलीचा नंबर, एकदाच आलेला ताप. मागे, कुठल्याशा फवारणीच्या फॉर्मावर, तुमच्याच अक्षरात: खांडबारा, स्टेशन उतरून डाव्या हाताला, टाकीमागे, निळं दार. आयुष्यभर ती वाट माझ्याजवळ आहे.

तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड तुमच्या मुलाने पाठवलं होतं. तेव्हा मी नंदुरबारलाच होते, तुम्हाला हवी होती त्या जागेवर. गाडीने तासाभराची वाट. मी गेले नाही. महिन्याने म्हटलं जाऊ, वर्षाने म्हटलं जाऊ. तुमच्या कार्डावर मयत असं मी अजून लिहिलेलं नाही. लोकांना गंमत म्हणून सांगते, की आबांचाच नियम आहे, दारात उभं राहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मी तर दार पाहिलेलंच नाही. नातीलाही काल तेच सांगितलं. तिला फार आवडलं.

हे पत्र तुमच्या कार्डाला चिकटवून ठेवते, मागच्या बाजूने. नियमाचं खोटं आहे, आबा. तुम्ही बारा-पंधरा वर्षं आठवड्यातले सहा दिवस घराबाहेर काढलेत, त्यातली शेवटची चार माझ्यामुळे, आणि ती कोणामुळे हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. मी गेले नाही, कारण ते निळं दार काकूंनी उघडलं असतं.